इतिहासाचे सीमोल्लंघन

यंदा खर्ड्याची लढाई शिकवीत असता आमच्या वर्गात एक लहानसा प्रसंग घडला. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांच्या एकवटलेल्या फौजांनी निजामअलीचा पाडाव केला, पेशवाईतील हा अखेरचा मोठा जय होय, वगैरे नेहमीचा पाठ आम्ही सांगत होतो. 'आपण जिंकलो' हे शब्द तोंडातून निघतात न निघतात तोच मागल्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, त्या दिवशी आपले जिंतूर कोणाच्या बाजूला होते?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि तास संपल्याचे निमित्त करून सुटलो. घरी येईपर्यंत मात्र ते हसू मावळले होते.

कारण प्रश्न पोरकट नव्हता. १७९५ साली हा मुलूख निजामाचा होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानातच राहिला. तेव्हा लढाईत हरला तो आमचा राजा, आणि जिंकले ते आमच्या भाषेचे लोक. बरे, निजामाच्या पदरी रावरंभा निंबाळकरांसारखे मराठे सरदार पिढ्यान्‌पिढ्या होतेच. दोन्ही बाजूंच्या कवायती पलटणींकडे पाहावे तर निजामाकडे रेमंड, शिंद्यांकडे पेराँ, दोघेही फ्रेंच! त्यांच्या मायदेशी राजाचा शिरच्छेद होऊन पुरती दोन-सव्वादोन वर्षे लोटली होती, आणि इकडे हे दोघे एकमेकांसमोर परक्यांच्या निशाणांखाली उभे होते. 'आपण' ह्या एका सर्वनामाने आम्ही किती गोष्टी झाकून टाकीत होतो हे त्या मुलाने उघडे केले.

अलीकडे पाश्चात्त्य इतिहासकारांत ह्याच सर्वनामाविषयी मोठी चर्चा चालू आहे. राष्ट्राचा इतिहास राष्ट्राच्या चौकटीतच बसवून लिहिला म्हणजे तो राष्ट्रही नीट समजत नाही, असे त्या पक्षाचे म्हणणे. थॉमस बेंडर ह्या अमेरिकन प्राध्यापकाने २००६ साली आपल्या देशाचा इतिहास 'राष्ट्रांमधील एक राष्ट्र' अशा दृष्टीने लिहिला. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे इंग्रज व फ्रेंच ह्यांच्या जगभर चाललेल्या दीर्घ झगड्याचा एक अध्याय होय, असे त्यात त्याने दाखविले. त्यापूर्वी १९९७ मध्ये संजय सुब्रह्मण्यम् ह्यांनी 'जोडलेल्या इतिहासां'ची कल्पना मांडून आशियातील दरबार, व्यापारी आणि वार्ता एकमेकांत कशा गुंतल्या होत्या ह्याकडे लक्ष वेधले. ह्या दृष्टीस मराठीत अद्याप रूढ शब्द नाही. कोणी 'राष्ट्रातीत' म्हणतात. पण त्यात राष्ट्र मागे टाकून वर गेल्याचा भास होतो. आम्हांस दसऱ्याचे सीमोल्लंघन अधिक जवळचे वाटते. त्या दिवशी मनुष्य शिवेपलीकडे जातो, परंतु गाव सोडून जात नाही. दिवेलागणीस सोने घेऊन परत येतो आणि ते वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवतो. आमच्या इतिहासकारांनी असे सीमोल्लंघन कितपत केले, आणि हे नवे लोक शिवेपलीकडून परत येतात की नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आपल्या इतिहासकारांस कूपमंडूक म्हणण्याची आज एक चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंड झाले. त्यांतील कागद केवळ पुण्याचे नाहीत, दिल्लीपर्यंतच्या राजकारणाचे आहेत. गोव्याच्या दप्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी उभे आयुष्य पोर्तुगीज कागदांत घालविले, आणि त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. सेतुमाधवराव पगडी ह्यांनी भीमसेन सक्सेना, खाफीखान, साकी मुस्तैदखान ह्या मोगलांकडील फारसी लेखकांस मराठीत आणले. परभाषेतील साधने एवढ्या कष्टाने जमविणारे प्रांत हिंदुस्थानात फार नसावेत.

परंतु ह्या परक्या साधनांचा उपयोग कसा झाला? बहुधा साक्षीदारासारखा. खटला आमचा, न्यायासन आमचे, आणि फिर्यादही आमचीच. इंग्रज वखारवाला, डच व्यापारी, मोगल अखबारनवीस ह्यांना पिंजऱ्यात बोलवावयाचे, 'शिवाजीमहाराजांविषयी तुम्ही अमुक म्हणालात ना?' एवढे विचारावयाचे आणि 'जा' म्हणावयाचे. तो साक्षीदार कोठून आला, त्याचा संसार काय, त्याच्या दृष्टीने मुख्य गोष्ट कोणती, हे विचारण्याचे कारण पडत नाही. वसईचेच घ्या. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली हे मराठी शाळेतील प्रत्येक मूल जाणते. त्याच महिन्यात नादिरशहा दिल्ली लुटून परत फिरला होता. तिकडे लिस्बनच्या दरबाराचे सारे लक्ष ब्राझीलच्या सोन्याकडे लागले होते, आणि हिंदुस्थानातील ठाणी त्याच्या हिशेबात दुय्यम झाली होती. हे ध्यानी घेतल्याने चिमाजीअप्पांचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. पण ते कोणत्या वाऱ्यात शीड उभारून होते हे कळते. पिसुर्लेकरांचे ह्या बाबतीत विशेष ऋण मानले पाहिजे. १९५२ सालच्या आपल्या पोर्तुगीज ग्रंथात त्यांनी पोर्तुगीज सरकारच्या एतद्देशीय वकिलांची चरित्रे दिली. ती वाचताना आढळते की, ज्यांना आपण 'फिरंग्यांचे राजकारण' म्हणतो, ते करणारे कित्येक गृहस्थ गोव्याकडील हिंदूच होते. तेथे साक्षीदार पिंजऱ्यातून उतरून स्वतःची हकिकत सांगू लागतो.

रियासतकार सरदेसायांविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे; आमच्या पिढीचा इतिहास त्यांच्याच ग्रंथांवर पोसला. तथापि मुसलमानी रियासत, मराठी रियासत, ब्रिटिश रियासत अशी जी तीन दालने त्यांनी बांधली, त्यांच्या भिंती आमच्या डोक्यात फार घट्ट बसल्या आहेत. काही माणसे ह्या दालनांच्या उंबरठ्यांवरच आयुष्यभर उभी होती, त्यांचे काय करावयाचे?

अशा माणसांसाठी आम्हांस दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यात पाथरी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला, असे फिरिश्ता सांगतो. घराणे पाथरी सोडून विजयनगराकडे गेले, तेथे हा मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि बीदरच्या दरबारात चढत गेला. त्याचा पुत्र मलिक अहमद १४९० साली स्वतंत्र झाला आणि त्याने अहमदनगर वसविले. पुढे त्याच घराण्याने वऱ्हाडच्या इमादशहाशी पाथरीसाठी युद्धे केली, कारण ते पूर्वजांचे गाव! आता ही कथा सांगणारा फिरिश्ता स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. एका इराण्याने विजापुरास बसून लिहिले म्हणून परभणी जिल्ह्यातल्या कुलकर्ण्यांची ही हकिकत आम्हांस ठाऊक झाली. ही परंपरा अक्षरशः खरी की दरबारी कौतुकाची, ह्याचा वाद करता येईल. पण ज्या वंशास आमची पुस्तके 'परकीय सत्ता' ह्या मथळ्याखाली घालतात तो वंश स्वतःला पाथरीचा म्हणवीत होता, ह्याचा वाद नाही.

आणि ह्याच राज्याचा शेवटचा त्राता झाला तो मात्र खरोखरीच समुद्रापलीकडचा. मलिक अंबर १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मला. गुलाम म्हणून विकला गेला. बगदादेत एका धन्याने त्यास शिक्षण दिले. अखेर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशी होता, त्याने त्यास विकत घेतले. १६०० साली अहमदनगर अकबराच्या हाती पडल्यावर ह्याने परांड्यास नवा निजामशहा गादीवर बसविला, १६१० मध्ये खडकी वसविली (तेच पुढचे औरंगाबाद), १६२४ मध्ये भातवडीस मोगल व आदिलशाही ह्यांच्या एकत्रित फौजा मोडल्या, आणि १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. त्याच्या फौजेत भोसले होते. सिंदखेडचे लखूजी जाधवराव, म्हणजे जिजाऊसाहेबांचे वडील, निजामशाही सोडून मोगलांस मिळाले तेही ह्याच्याच कारकिर्दीत. ते सिंदखेड आम्हांस पुण्यापेक्षा कितीतरी जवळचे.

ह्या एका मनुष्याकडे निरनिराळे इतिहास कसे पाहतात हे मोठे बोधप्रद आहे. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्यास शिव्यांवाचून संबोधीत नाही; आपण अंबरच्या शिराचा बाणाने वेध घेत आहोत असे चित्रही त्याने काढविले, ते आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते शीर त्याच्या हाती कधीच लागले नाही. उलट मुतमदखान ह्या मोगल इतिहासकाराने अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची मोकळेपणाने वाखाणणी केली. पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी त्याच्या छावणीत जाऊन आला, त्याने त्याच्या जन्माची व विक्रीची माहिती टिपून ठेवली. कवींद्र परमानंदाने शिवभारतात त्याचा उल्लेख सन्मानाने केला आहे. आमच्या मराठी पुस्तकांत मात्र तो 'गनिमी काव्याचा आद्य गुरू' एवढ्यापुरता येतो. शहाजीराजे रंगभूमीवर आले की त्याचे काम संपते. नाटकाच्या नांदीतील सूत्रधाराहून त्यास अधिक मान नाही.

उलट पक्षी नव्या सीमोल्लंघी इतिहासाने त्यास उचलून धरले आहे. २०१३ साली न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग संस्थेने हिंदुस्थानातील आफ्रिकनांवर प्रदर्शन भरविले, २०१६ मध्ये ओमर अली ह्यांचे अंबरचे चरित्र निघाले. त्यात तो हिंदी महासागर ओलांडून पराक्रम गाजविणारा आफ्रिकेचा सुपुत्र होतो. हे योग्यच आहे. पण तेथेही तो दुसऱ्याच एका घराण्याच्या वंशावळीत बसविला जातो. ह्या सर्वांत रिचर्ड ईटन ह्यांचे २००५ चे पुस्तक आम्हांस सरस वाटते. दख्खनचा सामाजिक इतिहास त्यांनी आठ व्यक्तींच्या चरित्रांतून सांगितला, त्यांत अंबर एक आहे. हबसाणातील गुलामांच्या व्यापाराचा धागा हिंदुस्थानी कापडास असलेल्या तिकडील मागणीशी ते जोडतात. म्हणजे ज्या मागावर आमच्या विणकराने ठाण काढले त्याच्या दुसऱ्या टोकास एक मूल विकले जात होते! ही जोडणी वाचल्यावर 'परदेशी हबशी' आणि 'एतद्देशीय कोष्टी' ही दोन माणसे पूर्वीसारखी अलग राहत नाहीत. आमच्या मते सीमोल्लंघी इतिहासाची कसोटी हीच. बाहेरची किती साधने वापरली हे मोजू नये. ती वाचून घरची गोष्ट बदलली की नाही ते पाहावे.

ह्या कसोटीस लावल्यास केवळ तुलनेने भागत नाही हेही दिसेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० सालच्या ग्रंथात आमच्या संतांची चळवळ युरोपातील धर्मसुधारणेच्या शेजारी बसविली. तुलना भव्य आहे, परंतु ल्यूथर आणि तुकाराम ह्यांची गाठ कोठे पडत नाही. दोन दाखले शेजारी ठेवून निकाल देण्याची ती न्यायाधीशी रीत होय. जोतीराव फुल्यांचे तसे नाही. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केली. त्यांची कित्येक ऐतिहासिक विधाने आज टिकत नाहीत, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. तथापि दूर देशीच्या एका घटनेने आमच्या घरातील इतिहास उलटा वाचण्याचे धैर्य प्रथम त्यांनी दाखविले. हे पुस्तक आमच्या आजोबांच्या कपाटात नव्हते. का नव्हते, हाही इतिहासाचाच भाग आहे.

आता नव्यांचा दोष. त्याच अमेरिकेच्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ मध्ये, तिकडील कापूस बंद होऊन इकडील कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव पडला आणि १८७५ साली पुणे-नगरकडे कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. स्वेन बेकर्ट ह्यांच्या २०१४ च्या ग्रंथात ह्या कापसाच्या साम्राज्याची कथा आहे आणि तीत आमच्या शेजारचा वऱ्हाड ठळकपणे येतो. १८५३ साली निजामाकडून कंपनीने हा वऱ्हाड आपल्या व्यवस्थेत घेतला होता. ग्रंथ मोठ्या योग्यतेचा आहे. पण त्यात वऱ्हाडचा शेतकरी लिव्हरपूलच्या बाजूने दिसतो, गाठोडी मोजताना जेवढा दिसावा तेवढा. त्याची बोली, त्याचे देवदैवत, सावकाराच्या ओसरीवरील त्याचे बसणे हे दप्तर इंग्रजीत नाही. जहाजावरून पाहिले असता किनारा दिसतो, गाव दिसत नाही. राष्ट्राची भिंत पाडताना गावचे घरही पाडले तर सोने आणावयाचे कोणाच्या हाती?

येथे आमच्याच घरची एक कबुली द्यावी लागते. खर्ड्याविषयी विचारणारा तो विद्यार्थी पुढील आठवड्यात घरातील एक जुना कागद घेऊन आला. वरचा भाग फारसीत, खालचा मोडीत. शाई फिकी, शिक्का झिजलेला. असे दुभाषी कागद दख्खनच्या सुलतानांच्या काळापासून ह्या भागात होतच आले. खालच्या मोडीत 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' असा काळ दिला होता. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी ऐतिहासिक पत्रे चाळली असतील त्यांना ही सुहूर सनाची रीत ठाऊक आहे : एक, साठ, शंभर आणि हजार, सारे आकडे अरबी, मिळून ११६१. त्यात पाचशे नव्याण्णव मिळविले की १७६० येते, आणि हे वर्ष मृगाच्या नक्षत्रापासून पुढच्या मृगापर्यंत चालते. म्हणजे ते पानिपताचे वर्ष. अरबीत मोजलेले आणि कुणब्याच्या पेरणीपासून सुरू होणारे हे वर्ष पेशव्यांच्या दप्तरातही तसेच चालत असे. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूची तारीख लिहिणाऱ्या कारकुनास त्यात काही परके वाटले नसेल. आम्ही परके आणि आपले वाटून घेतले ते मागाहून.

मोडी आम्ही लावली. वरचा फारसी भाग आम्हांस वाचता आला नाही. बेंडरचे इंग्रजी पुस्तक आम्ही दोन रात्रींत संपविले होते, आणि आमच्याच तालुक्यातील कागदाचा अर्धा भाग आमच्यापुढे मुका! आमचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून उच्च शिक्षणही उर्दूतून दिले, आणि त्यामुळे मराठी मुलांचे फार नुकसान झाले. हे दुःख आम्ही घरात ऐकतच वाढलो व ते खरे आहे. पण त्याच जुलमाने मराठवाड्यातील सुशिक्षितांच्या हाती फारसी लिपीची किल्ली ठेविली होती. १९१० साली निलंग्यास जन्मलेले पगडी आमच्या बाजूचे निघाले, ह्यात नवल नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर जुलूम गेला, आणि त्याच्याबरोबर ती किल्लीही आम्ही विहिरीत टाकली. वडिलांची उर्दू पुस्तके आम्ही स्वतः रद्दीत घातली, त्या वेळी वय एकवीस होते. राष्ट्राचा इतिहास सीमेपलीकडून लिहावयाचा, असे आता अमेरिकेतून शिकून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो; परंतु ज्या भाषेने ती सीमा ओलांडावयाची ती शिकविण्याची सोय आमच्या महाविद्यालयात नाही. ही सोय व्हावी, निदान एका वर्षाचा फारसी लिपीचा व मोडीचा वर्ग मराठवाड्यातील प्रत्येक महाविद्यालयात असावा, असे आमचे मत आहे. नवे सिद्धांत त्यानंतर वाचले तरी चालतील.

कागदाचा वरचा भाग परभणीच्या एका वृद्ध मौलवीसाहेबांनी चष्मा पुसून पुसून लावून दिला. इनाम पूर्वीप्रमाणे चालवावे, असा साधा हुकूम होता. खालच्या मोडीत तोच मजकूर, अधिक शेताच्या चतुःसीमा : पूर्वेस ओढा, दक्षिणेस बाभूळ. मौलवीसाहेबांनी पैसे घेतले नाहीत, पण असा कागद आणखी असल्यास घेऊन या, असे दोनदा सांगितले.

सहामाही परीक्षेत आम्ही धीर करून तोच प्रश्न घातला : 'खर्ड्याच्या लढाईच्या वेळी तुमचे गाव कोणाच्या बाजूला होते?' बहुतेकांनी 'मराठ्यांच्या' असे लिहिले, दोघा-तिघांनी 'निजामाच्या'. एका मुलीने १७१९ सालच्या चौथाईच्या सनदेपासून आरंभ करून दुअंमलाची व्यवस्था सांगितली आणि शेवटी लिहिले की, आमचे गाव त्या वर्षी दोन्हीकडे पैसा भरीत होते. तिला आम्ही दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कापला तो शुद्धलेखनाचा.